मिरचीचा बोकड्या : वर्तकनगरच्या ग्रीलमधल्या नोंदी

ठाण्यात वर्तकनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ग्रील पश्चिमेला आहे, दुपारी एकपासून ऊन. २०२४ च्या जूनमध्ये मिरचीच्या नऊ कुंड्या लावल्या. १ ते ५ ज्वाला, रोपं नर्सरीतली. ६ ते ८ लवंगी, आईने डब्यातल्या सुक्या मिरचीचं बी टाकलं होतं. ९ भावनगरी. ऑगस्टपर्यंत सगळं छान चाललं होतं, घरात हिरवी मिरची विकत आणली नाही. मग पानं मुडपण्याचा रोग आला, त्यालाच बोकड्या म्हणतात. पुढचं असं झालं.

८ सप्टेंबर
दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आलो आणि पाणी घालायला ग्रीलमध्ये गेलो. कुंडी ३ चा शेंडा आवळल्यासारखा दिसला, नवी पानं बारीक आणि मुडपलेली. सणाच्या धावपळीत दोन आठवडे खत दिलं नव्हतं, म्हणून उपाशी आहे असं ठरवून टाकलं. घरात १९:१९:१९ खताची (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) पुडी होती. लिटरला २ ग्रॅम विरघळवून नऊच्या नऊ कुंड्यांना दिलं.

ही पहिली चूक. वहीत मी "पानं मुडपली" एवढंच लिहिलं. वर मुडपली की खाली, ते लिहिलं नाही. तेवढं लिहिलं असतं तर महिना वाचला असता.

१५ सप्टेंबर
खताने पालवी फुटली, पण सगळी वाकडी. ३ बरोबर आता २ आणि ५ सुद्धा. पानं गर्द हिरवी, जाडसर, चकाकणारी. देठ लांब आणि पातं अरुंद. कळ्या उमलायच्या आधीच गळतायत, सकाळी कुंडीखालच्या ताटलीत दहा-बारा सापडल्या. खत वाढवावं असा विचार आला होता. नशीब, पुडी संपली होती. नत्र जास्त झालं की शेंडे कोवळे, रसरशीत होतात आणि शेंड्यावर जगणाऱ्या किडीला तेच हवं असतं. मी तिला आयतं जेवण वाढत होतो.

१७ सप्टेंबर
आई ग्रीलमध्ये येऊन बघून गेली. "अरे, हा बोकड्या आहे. आमच्याकडे जुन्नरला चुलीतली राख टाकायचे." आमच्याकडे चूल कुठून आणायची? खाली कोळशाची इस्त्री करणारे भय्या बसतात, त्यांच्याकडून डबाभर राख आणली. पहाटे दवात पानांवर भुरभुरवायची असं आईचं म्हणणं. इथे दव नाही, सप्टेंबरची चिकचिक आहे. मग पाणी मारून टाकली.

दोन दिवसांनी पानांवर सिमेंटसारखा थर. त्याखाली पानं तशीच वाकडी. पाण्याने धुऊन काढायला पाऊण तास गेला. आईचा उपाय खोटा नसावा, पण तिच्या शेतातली कीड आणि माझ्या ग्रीलमधली कीड एकच होती का, हे तेव्हा मी विचारलंच नाही.

२२ सप्टेंबर
लसूण आणि मिरची वाटून त्याचा अर्क. मूठभर लसूण, दहा मिरच्या, मिक्सरमधून काढून रात्रभर भिजवून गाळला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मिरचीलाच मिरची लावतोस?" याला उत्तर नव्हतं. फवारताना वारा उलटा फिरला आणि डोळ्यांत गेलं, अर्धा तास नळाखाली. मिक्सरच्या भांड्याचा वास अजून गेलेला नाही, रविवारच्या खोबऱ्याच्या चटणीलाही लसूण.

आज एक काम मात्र बरं केलं. कुंड्यांवर मार्करने नंबर टाकले.

२५ सप्टेंबर
संध्याकाळी धो धो पाऊस. पश्चिमेचा झोत थेट ग्रीलमध्ये. अर्क, उरलेली राख, सगळं धुऊन गेलं. रोपांना त्याचा थोडा फायदाच झाला असावा, दोन दिवस शेंडे जरा मोकळे वाटले.

२९ सप्टेंबर
आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

कडुनिंबाचं तेल आणलं, १०० मिली, १६० रुपये. एक लिटरचा हातपंप, २८० रुपये. बाटलीवर लिटरला ५ मिली असं होतं, तेवढं मोजून पाण्यात ओतलं, हलवलं आणि फवारायला लागलो. दुपारचे दोन वाजले होते. तेल पाण्यात मिसळत नाही हे सातवीत शिकलोय. पंपाची नळी तळातून खेचते, म्हणून पहिल्या पाच कुंड्यांना जवळजवळ नुसतं पाणी मिळालं. पुढच्या तिघांना तवंग. शेवटची ९ नंबरची भावनगरी, तिला निव्वळ तेल.

दहा मिनिटांनी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी. "भाऊजी, हे काय पडलं चादरीवर?" पांढरी डबल चादर, त्यावर पिवळे-तपकिरी ठिपके आणि कडुनिंबाचा तो वास. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. चादर लॉन्ड्रीत टाकली, १५० रुपये. डाग गेले, वास दोन धुण्यांनी गेला असं नंतर कळलं.

तेव्हापासून नियम : फवारणीआधी खाली विचारायचं आणि ग्रीलच्या तळाला जुना शॉवरचा पडदा अंथरायचा.

१ ऑक्टोबर
९ च्या पानांवर करपलेले डाग, कडा कागदासारख्या. तेल आणि त्यावर दुपारचं ऊन, दुसरं काय होणार. अर्धी पानं गळाली.

त्याच झाडाच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके सापडले आणि ग्रीलवरून मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण. हे दिसतं, म्हणून सोपं. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढले, तीन दिवस लागोपाठ. मुंग्यांची वाट तेल लावलेल्या फडक्याने बंद केली. विषय संपला.

३ ऑक्टोबर
तेल नीट मिसळायची रीत : आधी पाव कप कोमट पाण्यात अर्धा चमचा पातळ साबण, त्यात तेल घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत घोटायचं, मग उरलेलं पाणी. दर दोन-तीन कुंड्यांनंतर पंप हलवायचा. सूर्य उतरल्यावर फवारायचं आणि पानाच्या खालच्या बाजूने. संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांना दिलं. करपलं नाही. सुधारलंही नाही. आता १, २, ३, ५, ६, ७ आजारी आहेत. ४ सुद्धा, पण तिचं लक्षण वेगळं दिसतंय, पिवळट.

५ ऑक्टोबर
स्टेशनकडच्या एका बियाण्यांच्या दुकानात गेलो. "मिरचीची पानं मुडपतात" एवढं सांगितलं आणि त्यांनी न बघता एक पुडी पुढे केली. ९० रुपये. घरी आल्याआल्या कुंडी १ आणि २ वर फवारली, मग चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. इमिडाक्लोप्रिड. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी. हे झाडात भिनतं, वरून धुऊन निघत नाही.

त्या दोन कुंड्यांवर अकरा मिरच्या धरल्या होत्या. सगळ्या तोडून फेकल्या. त्या झाडांची मिरची पुढेही खाल्ली नाही, त्यांच्यावर फक्त प्रयोग केले. दुकानदाराला दोष देत नाही. मला काय झालंय ते मलाच माहीत नव्हतं, तर त्याला कसं कळणार?

८ ऑक्टोबर
भिंग आलं. ६० पटीचं, छोटा दिवा असलेलं, खिशात मावणारं. १९० रुपये. या सगळ्या खटाटोपात सर्वात आधी घ्यायला हवी होती ती ही वस्तू.

कुंडी ३ चा सर्वात वरचा शेंडा तोडला, मिरचीच्या दाण्याएवढं पान उलटं करून काळ्या मोबाईलच्या काचेवर ठेवलं. आधी काहीच नाही, नुसती हिरवी धुकट जमीन. श्वास रोखून भिंग केसभर खाली घेतलं आणि जमीन हलायला लागली. पिवळट, काचेसारखे थेंब, त्यांना पाय. काही पळतायत, काही शिरेच्या कडेला चिकटून बसलेत. मध्ये मध्ये लंबगोल अंडी, आणि प्रत्येक अंड्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, जणू साबुदाण्यावर कोणी रांगोळीचे ठिपके काढलेत. एक बारीक नर आपल्या अंगाएवढं पारदर्शक गाठोडं मागे उचलून धावत होता. ते गाठोडं म्हणजे कोषातली मादी. नर तिला उचलून कोवळ्या पानावर नेऊन ठेवतो, बाहेर आली की तिथेच संसार. शेंडाच का मरतो हे त्या एका धावपळीत कळलं.

हा पिवळा कोळी. अंगाने मिलिमीटरचा पाचवा भाग, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जाळंही विणत नाही. कीटक नाही, आठ पायांचा. म्हणून कीटकांची पुडी त्याला लागू पडली नाही. उबदार दमट हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला पाचेक दिवस पुरतात. आमचा सप्टेंबर म्हणजे त्याची दिवाळी.

आईला भिंगातून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढे? आणि मी त्यांच्यावर राख टाकत होते."

वहीत आज मोठ्या अक्षरात लिहिलं : पानाच्या कडा खाली वळल्या, पान उलट्या होडीसारखं झालं तर कोळी. कडा वर वळल्या, पान सरळ होडीसारखं झालं तर फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक कीटक. दोन्हींना बोलताना बोकड्या नाहीतर चुरडामुरडा म्हणतात आणि इथेच माझ्यासारखे फसतात.

९ ऑक्टोबर
कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्क्यांचं. ११० रुपये. दोन पथ्यं : कडुनिंबाच्या किंवा कुठल्याही तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे, आणि कडक उन्हात मारायचं नाही. ३ तारखेला तेल मारलेलं, म्हणजे १७ पर्यंत थांबायला हवं. मला धीर नव्हता. "एकाच झाडावर बघू" म्हणून कुंडी ७ वर लिटरला ३ ग्रॅम मारलं.

१२ ऑक्टोबर
दसरा. दाराला झेंडूचं तोरण आणि कुंडी ७ चा खराटा झालाय. पानं पिवळी, मग तपकिरी, मग ताटलीत. पुढे महिनाभर पाणी घालून वाट पाहिली, फुटली नाही. आईच्या हातची लवंगी होती, म्हणून जरा जास्त वाईट वाटलं.

१३ ते १८ ऑक्टोबर
थांबायचे दिवस, पण रिकामे नाही घालवले. आजारी झाडांचे सगळे शेंडे, वरची चार-पाच पानं धरून, कात्रीने छाटले. छाटणी तिथल्या तिथे पिशवीत, पिशवीला गाठ, लगेच खाली कचऱ्यात. ग्रीलच्या कट्ट्यावर ठेवली असती तर कोळी चालत परत आले असते. दर झाडानंतर कात्री आणि हात साबणाने धुतले. कुंड्यांची पानं एकमेकांना टेकणार नाहीत इतकं अंतर ठेवलं, त्यासाठी चपलांचं स्टँड बाहेर पॅसेजमध्ये गेलं आणि त्यावरून घरात वेगळं महाभारत झालं. रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरकस फवारा. भिंगाखाली मोजलं तर निम्मे तरी कमी झाले होते.

१९ ऑक्टोबर
गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी सहाला. दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं, म्हणून पहाटेच. कुंडीला एका हाताने आडवं करून खालून फवारायचं, तरच पानाच्या पाठीला लागतं. नाकाला रुमाल बांधला. घरभर काडीपेटीसारखा वास. आठ कुंड्यांना चाळीस मिनिटं लागली.

गंधक अंड्यांचं फारसं काही बिघडवत नाही. म्हणून एकदा मारून भागत नाही, अंड्यातून नवे आले की पुन्हा.

२६ ऑक्टोबर
दुसरी फवारणी. त्याआधी भिंगाखाली तीन शेंडे पाहिले : जुन्या कोळ्यांची सुकलेली सालं, अंडी थोडी, जिवंत दोन.

२ नोव्हेंबर
पाडवा. तिसरी फवारणी पहाटे उरकली, मग अभ्यंगस्नान, कारण अंगाला गंधकाचा वास. कुंडी ३ ला छाटलेल्या जागेखाली तीन फुटवे आलेत आणि त्यांची पानं सपाट आहेत. सपाट पान बघून इतका आनंद होईल असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

जुनी वाकडी पानं मात्र तशीच. ती कधीच सरळ होत नाहीत, कोळी मेला तरी. मी आधी त्यांच्याकडे बघूनच "औषध लागू पडत नाही" म्हणत होतो. बघायचं ते फक्त नव्या फुटव्याकडे.

१० नोव्हेंबर
कुंडी ४ उपटली. ७ सोडून बाकीच्या सगळ्या सुधारल्या, ही नाही. पानं अगदी लहान, शिरांच्या मध्ये पिवळी, पेरं जवळजवळ येऊन झाड झुडपासारखं बसकं. भिंगाखाली एकही कोळी नाही. हा विषाणूचा बोकड्या, पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. याला औषध नाही. पॅसेजच्या बाजूला चार पिवळे चिकट कागद लावले, माशी असेल तर कळावी म्हणून.

१७ नोव्हेंबर
हवा कोरडी झाली, सकाळी गार वारा. आणि कुंडी ५ ची नवी पानं पुन्हा मुडपली. पोटात गोळा आला. पण यावेळी आधी दिशा पाहिली : कडा वर. पानाच्या पाठीवर चंदेरी ओरखडे. एक फूल पांढऱ्या कागदावर तीनदा टिचकी मारून झटकलं. कागदावर स्वल्पविरामासारखे बारीक पिवळट जीव, चौदा मोजले, मग ते पळायला लागले. फुलकिडे.

आले कुठून? ग्रीलच्या दुसऱ्या टोकाला बायकोची गुलाबाची कुंडी. तिच्या कळ्यांच्या कडा महिनाभर करपलेल्या होत्या आणि आम्ही उन्हाला बोल लावत होतो. एक कळी कागदावर झटकली. मोजायचं सोडून दिलं.

२० नोव्हेंबर
मतदानाची सुट्टी. मत देऊन आलो आणि उरलेला दिवस गुलाबाला. सगळ्या कळ्या काढल्या, फांद्या निम्म्यावर आणल्या, कुंडी जिन्याच्या खिडकीत हलवली. बायको म्हणाली, "तुझ्या मिरचीसाठी माझा गुलाब." खरं आहे. भरपाई म्हणून डिसेंबरात शेवंती आणायचं कबूल केलं, पण शेवंतीवरही फुलकिडे येतात हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मिरचीची उमललेली फुलंही काढली. फुलकिड्यांची पिल्लं मोठी झाली की बरीचशी खाली मातीत उतरतात आणि तिथे कोष होतात. त्यामुळे नुसती पानं फवारून उपयोग नाही. वरची इंचभर माती खरवडून काढली, नवी घातली, प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड. पेंड ६० रुपये किलो. निळे चिकट कागद टांगले, फुलकिडे निळ्याकडे जास्त येतात. निळे-पिवळे मिळून कागदांचे १८० रुपये. शेवटच्या गंधकाला अठरा दिवस झालेत, म्हणजे आता कडुनिंबाचं तेल चालतं. संध्याकाळी, नीट घोटून, खाली पडदा अंथरून, वहिनींना विचारून.

२६ नोव्हेंबर
दुसरी तेलफवारणी. कुंडी ५ चं एक फूल झटकलं : नऊ.

२ डिसेंबर
तिसरी. दोन. निळ्या कागदावर इतके चिकटलेत की बोटाने पुसलं तर काळी रेघ उठते. त्यात एक बिचारी मधमाशीही सापडली, म्हणून कागद फुलांपासून हातभर लांब नेले.

८ डिसेंबर
३, ५, ६, ८ वर नवी फुलं, गळती जवळजवळ थांबली. ९ ची भावनगरी उशिरा उठली पण आता सर्वात दाट आहे. १ आणि २ दिसायला उत्तम, नवा बहार आला की मग त्यांचं काय ते ठरवू. ४ आणि ७ गेल्या.

खर्च मांडला : पंप २८०, तेल १६०, लॉन्ड्री १५०, चुकीची पुडी ९०, भिंग १९०, गंधक ११०, चिकट कागद १८०, पेंड ६०. एकूण १,२२० रुपये. त्यातले भिंग, गंधक, कागद, पेंड आणि तेल सोडले तर बाकीचे माझ्या घाईचे, पंप अर्धा-अर्धा. पहिला शेंडा वाकडा झाल्यापासून योग्य औषध लागायला एकेचाळीस दिवस गेले.

१५ डिसेंबर
कुंडी ५ आणि ८ मिळून बावीस मिरच्या. त्यातल्या चार खरबरीत, सालीवर तपकिरी चट्टे, ही फुलकिड्यांनी कोवळेपणी खरवडल्याची खूण. खायला काही होत नाही. आईने तव्यावर शेंगदाणे आणि लसूण घालून ठेचा केला, एक वाटी खाली पाठवला.

कुंडी २ चा एक शेंडा सकाळी पुन्हा खाली वळल्यासारखा वाटला. भिंग सध्या वहिनींकडे आहे, त्यांच्या जास्वंदीवर काहीतरी पांढरं दिसतंय म्हणाल्या. संध्याकाळी परत आणून बघतो.